मांजरपाटातली देवाणघेवाण

मला चिनी येत नाही. जपानी येत नाही, कोरियनही नाही. हे आधीच सांगून टाकते. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात मी पूर्व आशियाई भाषांचा विभाग सांभाळत होते असं कळलं, की दौंडच्या भाजीबाजारातसुद्धा कुणीतरी म्हणतंच, "एखादं वाक्य बोलून दाखवा की, बाई." मला बोलता येत नाही. मला ती पुस्तकं ओळखता येतात, जागेवर लावता येतात आणि कुणी मागितली की काढून देता येतात. पोस्टमनला गल्लीतले सगळे पत्ते पाठ असतात, पण आतली पत्रं त्याने वाचलेली नसतात. तसं समजा.

काम शिकवायला कुणी नव्हतं. चिनी लिपीला आपल्यासारखी बाराखडी नाही. कोशात एखादं अक्षर शोधायचं तर त्याचा मुख्य भाग ओळखायचा, उरलेल्या रेघा मोजायच्या आणि तेवढ्या रेघांच्या घरात जाऊन ते हुडकायचं. मी घरी मुलीच्या जुन्या पाटीवर सराव करायची. आमचे हे दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते. ड्यूटीवरून आले की चहाचा कप घेऊन शेजारी बसत.

"ह्यो चौकोन किती रेघांचा?"

"तीन."

"चौकोनाला तीन बाजू? तुमची संस्था लई भारी हाय."

मग मी समजावायची, की वरची आणि उजवीकडची बाजू पेन न उचलता एका दमात काढतात, म्हणून ती एकच रेघ धरायची. त्यांना ते पटलं नाही. पण पुढे कित्येक वर्षं घरातली खिडकी, ताट, कॅरमबोर्ड, काहीही चौकोनी दिसलं की ते म्हणत, "तीन बाजूंचं हाय."

आमच्या चुकाही झाल्या. जुन्या वळणाची जपानी पुस्तकं आपल्या उलट बाजूने उघडतात, हे आम्हाला पहिल्या खोक्याच्या वेळी ठाऊक नव्हतं. सगळ्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर संस्थेचा शिक्का बसला. आमचे प्रमुख ग्रंथपाल देवधर सर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "आता पुढूनही मारा. दोन्ही दारांना कुलूप." त्या विभागातल्या पुस्तकांना आजही दोन्हीकडून शिक्के आहेत. बाहेरून आलेले अभ्यासक ती आमची खास पद्धत समजतात.

वाचक थोडे होते, पण नाना तऱ्हेचे. घराचं तोंड कुठल्या दिशेला असावं याचं चिनी शास्त्र मागायला वाघोलीचे एक प्लॉटिंगवाले गृहस्थ दर महिन्याला येत. कोरियन मालिका बघून कोरियन शिकायला निघालेल्या न्हावऱ्याच्या दोघी मुलींनी पहिलं पुस्तक उघडून विचारलं होतं, "मॅडम, ह्यात खाली सबटायटल नाही का?" त्यातली एक पुढे शिरूरजवळच्या कारखान्यात दुभाषी म्हणून लागली.

एकदा शिरूरजवळच्याच औद्योगिक वसाहतीतला एक सुपरवायझर धापा टाकत आला. मोबाइलमध्ये मशिनच्या पडद्याचा फोटो होता.

"मॅडम, एवढी दोनच अक्षरं दिसत्यात. लाइन बंद हाय. जपानी साहेब सुट्टीवर. तुमच्याकडं जपानी हाय म्हणं?"

मी रेघा मोजल्या, कोश उघडला. पहिलं अक्षर निघालं 'दार'. दुसरं 'उघडणे'.

"दार उघडं आहे म्हणतंय."

"दार तर लावलंय, मॅडम. मी सोता लावलंय."

"मागेही असेल ना एखादं?"

त्याने तिथूनच फोन लावला. "आरं, मागचं झाकण बघ... उघडं? तुझ्या मारी!" पूर्ण वाचनकक्षाने माना वर केल्या. जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. दोन अक्षरांचं का होईना, मी भाषांतर केलं होतं.

पण मला सांगायची आहे ती एका ग्रंथमालेची गोष्ट.

बुद्धाच्या धम्माचे पुष्कळ ग्रंथ आपल्या देशात लिहिले गेले आणि इथेच हरवले. त्यांची चिनी भाषांतरं मात्र तिकडे जपून राहिली. मूळ ग्रंथात काय होतं हे कळायला आज कित्येकदा चिनी भाषांतराचाच आधार घ्यावा लागतो. आमच्यासारख्या संस्थेत चिनी आणि जपानी पुस्तकं का हवीत, याचं उत्तर हे. जपानमधल्या विद्वानांनी अशा भाषांतरांची टिपांसह एक मोठी माला छापली होती. ती विकत घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. तिथल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी आमची देवाणघेवाण होती. म्हणजे पैशांचा संबंध नाही. आम्ही आमचं संशोधनपर त्रैमासिक पाठवायचं, त्यांनी मालेतले खंड पाठवायचे. जगभरची ग्रंथालयं अशा शेजारधर्मावर वाढली आहेत.

माला निम्म्यावर आली आणि आमचं त्रैमासिक थकलं. संपादक आजारी, लेख वेळेवर नाहीत, एकेक अंक वर्षभर मागे. तिकडून सभ्य भाषेत निरोप आला, की बराच काळ काही मिळालेलं नाही. यापुढे पाठवणं सुरू ठेवावं का?

देवधर सर म्हणाले, "कळवून टाका, थांबवा म्हणून. आपल्याकडे द्यायला काही नाही. नुसतं घेत राहणं बरं दिसत नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. पण वाचनकक्षात तेव्हा मांडवगण फराट्याची प्राजक्ता बसलेली असे. पाली, संस्कृत करून ती चिनी शिकली होती आणि एका हरवलेल्या ग्रंथावर प्रबंध लिहीत होती. तिचा ग्रंथ पुढच्याच खंडात यायचा होता. तिच्या वडिलांनी तिला मुदत घातली होती. प्रबंध झाला नाही तर लग्न. "मॅडम," ती रोज विचारायची, "आला का हो?" आणि मी मान हलवायची.

मला स्वतःलाही ती माला पुरी व्हायला हवी होती. आमच्या घरी रोज बुद्धवंदना व्हायची. लहानपणी माझे वडील म्हणत, आपले ग्रंथ परदेशी गेले म्हणून वाचले. ते मी माझ्या हातांनी कपाटात लावत होते. निम्म्यावर सोडवेना.

त्या संध्याकाळी मी उतरल्या चेहऱ्याने घरी आले. यांनी कारण विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजी त्यांनी भांडं भरून धाडलं, आन् आपल्याकडं परत घालायला काय न्हाई?"

"हो."

"मग साखर घाल."

आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चमचाभर साखर घालतात. मी म्हटलं, "अहो, ग्रंथालय आहे ते. साखर काय घालू?"

त्यांनी घरात इकडेतिकडे बघितलं. दिवाळी नुकतीच झाली होती. पलंगावर, टीव्हीवर, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर दिवाळी अंक पसरले होते. आम्हा दोघांना तेवढं एकच व्यसन. त्यांनी एक अंक उचलला, त्यावर पडलेली चकली झटकली आणि माझ्यापुढे धरला.

"हे हाय की."

देवधर सरांसमोर मी अंकांचा गठ्ठा ठेवला, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "संशोधन संस्थेतून दिवाळी अंक? राशिभविष्य, व्यंगचित्रं आणि अनारशांची कृती?"

"सर, कथा आहेत, कविता आहेत, लोकांचे अनुभव आहेत. तिकडे विद्यापीठात मराठी शिकवतात. त्यांना आजची मराठी दुसरीकडून कुठून मिळणार?"

सरांनी एक अंक चाळायला घेतला. चाळता चाळता विनोदी कथेपाशी थांबले, हसले आणि हसल्याचं लक्षात येऊन खोकले. "जावक नोंदीत 'मराठी वाङ्मयीन वार्षिके' असं लिहा," ते म्हणाले. "आणि तो तेवढा परवा पाठवा. माझा वाचून व्हायचाय."

पार्सल यांनी बांधलं. परदेशी पार्सल तेव्हा कापडात शिवून, टाक्यांवर लाख लावून द्यावं लागे. आयुष्य पार्सलांत गेलेलं. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देईनात. त्यांनी मांजरपाटाचं कोरं कापड आणलं, अंक चारही बाजूंनी ठोकून सारखे केले आणि दाभणाने असे टाके घातले, की वाटावं मशिनवर घातले आहेत. पत्ता निळ्या शाईत, मोठ्या अक्षरांत. पाठवणाऱ्याचा पत्ता त्यांनी आमच्या दौंडच्या घराचा घातला. "परत आलं तर पुण्यात कुणाच्या पायात घुटमळंल. घरी आलेलं बरं."

पार्सल परत आलं नाही. आलं ते पत्र, आणि तेही मराठीत. तिथल्या दक्षिण आशियाई विभागाच्या ग्रंथपाल किमुराबाई मराठी शिकलेल्या होत्या, पण पुस्तकातून. त्यांनी लिहिलं होतं, "आपली नियतकालिके प्राप्त झाली. आनंद वाटला. प्रत्येक नियतकालिकाचा केवळ एक अंक आहे. अकरा अंक अप्राप्त आहेत. कृपया पाठवावे."

मी ते यांना वाचून दाखवलं. हे एवढे हसले, की त्यांना ठसका लागला.

मी कळवलं, की हे अंक वर्षातून एकदाच येतात, दिवाळीला. पुढच्या वर्षी दिवाळी उशिरा आली आणि किमुराबाईंची विचारणा आली: मागचे अंक ऑक्टोबरमध्ये निघाले होते, यंदाचे नोव्हेंबरमध्ये, म्हणून नोंदीत 'अनियमित' असं लिहावं का? हे वाचून मला राग आला. ग्रंथपालाच्या भाषेत अनियमित म्हणजे भरवसा नसलेलं. मी अधिक महिना, अमावास्या, तिथी असं सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर एका ओळीचं होतं. "नोंद बदलली. वार्षिक, नियमित, चंद्रानुसार."

त्या ओळीनंतर आमची मैत्री झाली असं मी धरते. पत्रांत घरच्या गोष्टीही यायला लागल्या, पार्सल कोण शिवतं हेसुद्धा.

खंड पुन्हा यायला लागले. प्राजक्ताचा खंड आला त्या दिवशी मी तो नोंद न करताच तिच्यापुढे नेऊन ठेवला. माझ्या नोकरीत नियम मोडल्याचा तो एक प्रसंग. तिने पान काढलं, बोट ठेवलं आणि ओळ संपेपर्यंत श्वास घेतला नाही. मग म्हणाली, "मॅडम, आप्पांना फोन लावू का? वाचनकक्षात?"

"लाव."

"आप्पा, आलं पुस्तक. ...न्हाई, लग्नाचं न्हाई म्हणत मी, पुस्तक आलं!"

प्रबंध झाला. लग्नही झालं, तिच्या सवडीने. आता ती शिरूरच्या कॉलेजात शिकवते.

किमुराबाई एकदा पुण्यात परिषदेला आल्या, तेव्हा म्हणाल्या, मला दौंडला यायचं आहे. मला वाटलं, मला भेटायला. आल्या आणि यांना म्हणाल्या, "गायकवाडसान, आपण शिवता ते मला पाहायचं आहे."

जपानीत आदराने नावापुढे 'सान' लावतात. हे मला म्हणाले, "ह्या मला सान का म्हंत्यात? साठी झाली की माझी."

किमुराबाईंना ते समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. 'लहानसान' हा शब्द त्यांनी वहीत लिहून घेतला. मग यांनी कापड आणलं.

"हे कोणते वस्त्र?"

"मांजरपाट."

"मांजर?" त्यांनी दोन्ही हातांनी मिशा काढून दाखवल्या. "म्याव?"

"मांजराचा काय संबंध न्हाई, बाई. पाटाचा बी न्हाई. नुसतं नाव हाय."

त्या जमिनीवर बसल्या आणि दाभण हातात घेऊन टाका घातला. वाकडा गेला. यांनी तो उसवला नाही. म्हणाले, "राहू द्या. तुमचा टाका तुम्हाला वळखू येईल, पार्सल घरी आल्यावर." निघताना किमुराबाई म्हणाल्या, की आमच्याकडून गेलेलं प्रत्येक कापड त्यांनी धुऊन, घडी घालून ठेवलं आहे, त्यांच्याकडेही वस्तू कापडात बांधून देतात, आणि कापड टाकत नाहीत. पुढच्या वर्षीपासून यांनी कापड शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढायला सुरुवात केली.

मी निवृत्त झाले तेव्हा माला पुरी झाली होती, एक खंड सोडून. शेवटचा, सूचीचा. सूची म्हणजे कुठलं नाव, कुठला शब्द कुठल्या खंडात कुठल्या पानावर आहे याचा पत्ता. ती नसली की एका नावासाठी सगळे खंड उलटावे लागतात. सूचीच्या प्रती संपल्या होत्या. किमुराबाईही निवृत्त होत होत्या. त्यांनी शोधते म्हणून कळवलं. संस्थांची देवाणघेवाण तिथे थांबली. आता पुष्कळसं संगणकावरच मिळतं, पार्सलं कुणी करत नाही. आम्ही मात्र दिवाळी अंक पाठवत राहिलो, आता घरून घरी. कपाटातली शेवटची मोकळी जागा मला अधूनमधून डोळ्यांपुढे दिसायची. हे विचारायचे, "तुमचा एक डबा यायचा ऱ्हायलाय न्हवं?" मी म्हणायची, "राहू द्या आता." ते म्हणायचे, "येईल. भांडं ठेवून घेनारी मान्सं न्हाईत ती."

गेल्या वर्षी हे गेले. फार त्रास झाला नाही त्यांना. सकाळी अंगणात पेपर वाचत होते.

दिवाळी आली. मी अंक आणले, कारण आणले नसते तर त्यांना आवडलं नसतं. कापड घरात होतं, दाभणही खिळ्याला अडकवलेलं होतं. माझ्याने हात लाववला नाही. कुरिअरवाल्याने अंक पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले, टेप लावली, पत्ता छापून चिकटवला. मी यांच्याविषयी काहीही कळवलं नव्हतं. अंक मात्र वेळेवर गेले.

किमुराबाईंचा मोबाइलवर निरोप आला. मराठी अजून तशीच. "अंक प्राप्त. कापड नाही. टाके नाहीत. गायकवाडसान कसे आहेत?"

इथल्या कितीतरी माणसांना मला सांगावं लागलं होतं. तिथे त्यांना खोक्यावरूनच कळलं. मी उत्तर लिहिलं.

उन्हाळ्यात पोस्टमन पार्सल घेऊन आला. म्हणाला, "बाई, जपानवरून आलंय, पण वरती पत्ता मालकांच्या हातचा दिसतोय."

मांजरपाट होतं. यांनीच कधीतरी पाठवलेलं, धुऊन मऊ झालेलं, आतली बाजू बाहेर करून शिवलेलं. निळी शाई मागून उलटी उमटली होती. आमचा दौंडचा पत्ता आरशात बघावा तसा दिसत होता. त्याच्याशेजारी किमुराबाईंनी तोच नीट लिहिला होता. टाके त्यांचे, वाकडे. मी ते उसवायला बराच वेळ घेतला. आत सूचीचा खंड होता. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्या तो शोधत राहिल्या होत्या.

मी एकटीनेच पुण्याला न्यायचा म्हटलं तर प्राजक्ता ऐकेना. ती शिरूरहून सकाळच्या एसटीने आली. आम्ही दोघींनी खंड जागेवर लावला. माला भिंतीसारखी सलग दिसायला लागली. प्राजक्ताने लगेच तो परत काढला, तिच्या ग्रंथाचं नाव शोधलं आणि हसली.

"मॅडम, हे मला तवा मिळालं असतं, तर माझी दोन वर्षं वाचली असती."

"मग तू सगळे खंड वाचले नसतेस."

"ते बी खरंच." मग तिने विचारलं, "शिक्का मारायचा ना?"

"मार. दोन्ही बाजूंनी."

आता भांडं माझ्याकडे आहे. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी लिहायला सांगितल्या, तेव्हा मी आधी नाही म्हणणार होते. मग लक्षात आलं, की यंदा पाठवायला काहीतरी घरचं हवं. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा त्याची एक प्रत माझ्या पलंगावर त्या जुन्या मांजरपाटात ठेवलेली असेल. दाभण मी खिळ्यावरून काढलं आहे. चार दिवस जुन्या उशीच्या अभ्र्यावर हात बसवून पाहिला. टाके यांच्यासारखे येत नाहीत, किमुराबाईंपेक्षा जरा बरे येतात.

किमुराबाई, तुम्ही हे वाचत असाल तर उलटीकडून उघडलेलं नाही ना, तेवढं बघा. आणि अकरा अंक अप्राप्त नाहीत. एवढाच आहे.